वाचकांचे प्रश्न : सेंट पॅट्रिक दिनाचे आमंत्रण

प्रश्न : कार्यालयातील आयरिश सहकाऱ्याने १७ मार्चच्या संध्याकाळी आम्हां सर्वांना लोअर परळच्या एका पबमध्ये बोलावले आहे. मी मद्य घेत नाही. जावे का? हिरवे कपडे घालावेच लागतात का? – एक वाचक, दादर

उत्तर : अवश्य जावे. हा मुळात पाचव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रसारक संत पॅट्रिक यांचा स्मृतिदिन असून आयर्लंडमध्ये १९०३ पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते; इतकेच नव्हे, तर विसाव्या शतकात कित्येक वर्षे तेथील पब त्या दिवशी कायद्यानेच बंद असत, त्यामुळे पेला हाती नसेल तर सण साजरा होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. हिरव्या कपड्यांची सक्ती नसते. शर्टाच्या खिशाला शॅमरॉकचे, म्हणजे ज्याच्या आधारे संतांनी त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती श्रद्धा) कल्पना समजावली अशी आख्यायिका आहे त्या तिपानी रोपाचे, छोटे चित्र टाचले तरी पुरे. हिरवी बिअर ही अमेरिकेतून आलेली टूम आहे आणि आमच्या मते ती पाहण्यापुरतीच बरी. त्यापेक्षा बटाटा-कांदा घालून मंद आचेवर शिजवलेला मटणाचा आयरिश स्ट्यू मिळतो का, ते विचारावे. सोबत तरुण सहकारी असतील, तर महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.