लहान मुलांच्या सूटच्या कोटाची फॅशन कशी बदलत गेली?

ठाण्यात राम मारुती रोडला मुंजीच्या रिसेप्शनसाठी ब्लेझर बघा, बाबांचाच कोट लहान मापात मिळतो. पूर्वी असं नव्हतं. युरोपात पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगेही झगेच घालत. १७८० च्या दशकात 'स्केलेटन सूट' रूढ झाला. आखूड, अंगाबरोबर बसणारा कोट आणि त्यालाच बटणांनी अडकवलेली लांब विजार. गंमत म्हणजे तेव्हा प्रतिष्ठित पुरुष गुडघ्यापर्यंतच्या ब्रीचेस घालत. लांब पँटचा मान पोरांना आधी मिळाला!

१८४६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या मुलाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, खलाशाचा पोशाख शिवला आणि तो पुढे जगभर गेला. इंग्लंडमधल्या ईटन शाळेचा कमरेपर्यंतचा आखूड कोट, वर रुंद पांढरी कॉलर, हाही असाच पसरला. शिकारीसाठीचा चुण्या-पट्ट्याचा नॉरफोक कोट मुलांच्या अंगावर विसाव्या शतकातही दिसे. मोठ्यांसारखी लॅपेल, म्हणजे कोटाच्या छातीवर बाहेर दुमडलेली पट्टी, हळूहळू सरसकट झाली.

आपल्याकडे बंदगळाही आहेच, रुबाबदार दिसतो. पण मे महिन्यातल्या मुंजीला तो नकोच, गळ्याशी घामानं पोरगं रडकुंडीला येतं. शिवून घेणार असाल तर बाहीत थोडं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायला सांगा.