दोन दिवस ‘वाढ नाही’, नवव्या दिवशी जंतू

बडोद्याची एक विद्यार्थिनी, सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. ती विचारते: मामाच्या खांद्यातला कृत्रिम सांधा दुखू लागला, पुन्हा ऑपरेशन झालं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, ‘वाढ नाही’. नवव्या दिवशी जंतू सापडला. असं कसं? मला हेच काम करायचंय. त्यासाठी परत ‘नीट’ परीक्षा द्यावी का?

आधी मामांचा रिपोर्ट. खांद्याच्या कृत्रिम सांध्यात बऱ्याचदा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस सापडतो. त्याला ऑक्सिजन फारसा सोसत नाही आणि तो फार सावकाश वाढतो. म्हणून असे कल्चर (जंतू वाढवण्यासाठी ठेवलेले नमुने) 14 दिवसांपर्यंत ठेवतात. पण हाच जंतू आपल्या त्वचेवरही राहतो! पाच-सहा नमुन्यांपैकी एकातच उगवला तर कातडीवरून आलेला असू शकतो. वेगवेगळ्या जागांच्या दोन किंवा जास्त नमुन्यांत तोच निघाला, तर संसर्ग त्याचाच समजतात. तुला आवडलेलं काम म्हणजे हा निवाडा.

उपचार ठरवायचे असतील तर एमबीबीएस आणि मग एमडी, हीच नेहमीची वाट. पण जंतू ओळखायचा असेल तर एम.एस्सी. पुरे, ‘नीट’साठी वर्ष घालवू नकोस. काही मेडिकल कॉलेजांत मेडिकल मायक्रोबायोलॉजीची तीन वर्षांची एम.एस्सी. असते, तीही बघ.

तोवर हात बसव. ग्रॅम स्टेनमध्ये (जंतूंना रंगवून जांभळे-गुलाबी असे गट पाडण्याच्या पद्धतीत) अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की जांभळे कॉकाय, म्हणजे गोल जंतू, गुलाबी दिसतात आणि पुढची सगळी दिशा चुकते. ब्लड अगारवरची (रक्त मिसळलेल्या जेलीवरची) जंतूंची वसाहत उचलताना खालचं रक्त आलं तर कॅटालेज या एन्झाइमची चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येते, कारण तांबड्या पेशींतही ते एन्झाइम असतं. ट्यूब कोअ‍ॅग्युलेज (जंतूमुळे प्लाझ्माची गुठळी होते का, ही चाचणी) चार तासांनी बघच; थेट दुसऱ्या दिवशी पाहिलंस तर जंतूच्याच स्टॅफिलोकायनेज या एन्झाइमने गुठळी विरघळलेली असू शकते, आणि सांध्यांचा सर्वांत नेहमीचा शत्रू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हातून निसटतो.

सुट्टीत बडोदा मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये महिनाभर शिकू देतात का, ते विचार. तिथे सांध्यातलं पाणी आलं की काय करतात, ते नीट पाहा. प्लेटबरोबर थोडं ब्लड कल्चरच्या बाटलीतही घालायला हवं. लहान मुलांच्या सांध्यांतला किंगेला किंगी हा जंतू नुसत्या प्लेटवर सहसा हाती लागत नाही. आणि कल्चरसाठी आलेलं हे सांध्यातलं पाणी फ्रीजमध्ये ठेवत असतील, तर शिकायला दुसरी लॅब शोध. सांध्यातही पोचणारा गोनोकॉकस (गोनोऱ्हियाचा जंतू) थंडीत तगत नाही.