बेड 4 वरून बेड 6 वर

अगं, काल तू फोनवर विचारलंस ना की आयसीयूत रेझिस्टंट बग (औषधांना दाद न देणारा जंतू) पसरलाय तर आता कुठलं अँटिबायोटिक चालू करू, मी तेव्हा विषय बदलला कारण त्या प्रश्नापासून सुरुवातच करायची नाहीये. तीन पेशंट, तिघंही व्हेंटिलेटरवर, आठवड्यात तिघांच्याही रिपोर्टमध्ये ॲसिनेटोबॅक्टर, तोच हा जंतू. आता तो बेड 4 वरून बेड 6 वर गेला कसा? त्याला पाय नाहीत, आपणच नेऊन सोडतो.

ग्लोव्ह्ज घातले की आपल्याला वाटतं हात स्वच्छ. रेसिडेंट असताना रात्री तीन वाजता मी एकाच्या श्वासनळीतला कफ सक्शनने ओढला, त्याच ग्लोव्हने मॉनिटरचा अलार्म बंद केला, खिशातलं पेन काढलं आणि शेजारच्या बेडची रेलिंग धरली, सिस्टरने सगळ्यांसमोर झापलं. जाम राग आला होता. पण हा जंतू कोरड्या रेलिंगवर, पंपाच्या बटणावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. ग्लोव्ह काढल्यावरही अल्कोहोलचा हँडरब घ्यायचाच, वीस-तीस सेकंद, अंगठा आणि बोटांची टोकं सगळेच विसरतात. (सी. डिफ, म्हणजे जुलाब करणारा आतड्यातला जंतू, असेल तर मात्र साबण-पाणी, त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचातली रूपं, अल्कोहोलला भीक घालत नाहीत.) 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाकीच्या डॉक्टरांना हात धुवायला लावले तेव्हा तेही चिडलेच होते, त्यामुळे तुला कुणी झापलं तर मनाला लावून घेऊ नको.

दुसरं म्हणजे नळ्या. राउंडला प्रत्येक नळीपाशी थांबून विचार, ही अजून का आहे? युरिन कॅथेटर बऱ्याचदा फक्त काढायचं राहून गेलं म्हणून असतं, आणि आतून बायोफिल्मचा, म्हणजे जंतूंचा चिकट थर चढला की औषध तिथपर्यंत नीट पोचतच नाही.

औषधाचं म्हणशील तर कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून ओळखणं) आधी, डोस नंतर, आणि रिपोर्ट आला की शक्य तितकं साध्या औषधावर ये. ताप नाही, ऑक्सिजन ठीक, नुसतं ट्यूबच्या स्रावात काहीतरी उगवलंय, तर तो जंतू तिथे राहतोय फक्त, प्रत्येक वेळी कोलिस्टिनसारखं शेवटचं औषध काढायचं नसतं, किडनीचाही विचार कर. नवीन औषध येईल म्हणतेस, मेथिसिलिन हे अँटिबायोटिक 1959 ला आलं आणि 1961 मध्ये ब्रिटनमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफ जंतूचा रिपोर्टही आला.

आज ड्युटीवर गेलीस की बेड 6 चं कॅथेटर कधी घातलंय ते बघ आणि मला मेसेज टाक.