गोव्यात कुणबी साडीच्या विणकामातून गावात रोजगार उभा राहील का?
राहील, पण नुसतं प्रशिक्षण देऊन नाही. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही लाल-पांढऱ्या चौकड्यांची सुती साडी फॅशनच्या मंचावर नेली आणि मागणी वाढली. पण बाजारात कुणबी म्हणून यंत्रमागाचं चौकडीचं कापडही खपतं आणि हातमागवाली बाई भावात मागे पडते. खरा घोळ इथेच आहे! म्हणून आधी कापड खरंच हातमागाचं आहे हे सांगणारी, २००६ पासून असलेली हँडलूम मार्क ही सरकारी खूण घ्या. सूत एकत्र खरेदी करा, विणकरणीला मजुरी वेळेवर द्या. सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत बचतगटांनी माग चालवावेत. साडीसोबत उपरणी, पिशव्याही विणाव्यात, पर्यटक त्या सहज घेतात. शेतात वावरायला सोयीची, खांद्यावर गाठ मारून नेसायची ही साडी. कुणबी बायकांना यात पहिला वाटा हवाच.