पान उघडताच दिसणारी पाटी

प्रश्न : ताई, औशात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानाची वेबसाइट मीच बनवली. पेरणीच्या तोंडावर पान उघडलं की आपोआप पॉपअप यावा, '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका'. जावास्क्रिप्टमध्ये 'विंडो डॉट ओपन' लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर खिडकी उघडते, गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर काहीच येत नाही. असं का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : दादा, तुमचा कोड ठीक आहे, ब्राउझरच त्याला दारात अडवतोय. माणसाने स्वतः बटण दाबलं तर नवी खिडकी उघडते. पान येता येता आपोआप उघडू बघणारी खिडकी आजचे ब्राउझर सहसा रोखतात. तुमच्याकडे दिसते, कारण कधीतरी तुम्ही ॲड्रेस बारमधून त्या साइटला पॉपअपची परवानगी दिलेली असणार. ती तुमच्या लॅपटॉपपुरतीच. हा पहारा उगाच बसलेला नाही. १९९०च्या दशकात 'ट्रायपॉड' या लोकांना वेबपानं बनवू देणाऱ्या साइटवर काम करणाऱ्या इथन झकरमन यांनी जाहिरातीसाठी असा पॉपअप लिहिला, पुढे त्याचा इतका सुळसुळाट झाला की २०१४मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली.

नव्या खिडकीचा नादच सोडा. पाटी पानातच ठेवा. त्यासाठी एचटीएमएलमध्ये 'डायलॉग' हा टॅग आहे. मार्च २०२२पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी सगळ्यांत चालतो. सूचना त्यात लिहा आणि स्क्रिप्टमधून त्यावर 'शोमोडल' चालवा. टॅगलाच 'ओपन' लिहून मोकळे होऊ नका. तशी पाटी दिसते खरी, पण मागचं पान अंधारत नाही की अडत नाही.

आता वेळेचं. बरेच जण हे काम 'लोड' घटनेला (ब्राउझर 'पान पूर्ण आलं' असं कळवतो ती इव्हेंट) बांधतात. 'लोड' तेव्हाच होतं, जेव्हा पानातले फोटोसुद्धा उतरतात. तुमच्या साइटवर बियाण्याच्या पिशव्यांचे मोठाले फोटो असतील आणि गिऱ्हाईक शिवारात एका काडीच्या रेंजवर उभं असेल, तर फोन नंबर बघून पान बंद करेल, पाटी नंतर येईल. स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिच्या टॅगला 'डिफर' हा शब्द लावा. ब्राउझरचा पानाचा मजकूर वाचून झाला की ती चालते, फोटोंसाठी थांबत नाही.

बंद करायचं बटण विसरू नका, मोबाइलला एस्केपची कळ नसते. बटण एका फॉर्ममध्ये ठेवून फॉर्मची 'मेथड' 'डायलॉग' करा, मग बंद करायला वेगळी जावास्क्रिप्ट लागत नाही. पाटी बंद झाली की 'क्लोज' घटनेवर 'लोकलस्टोरेज'मध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच ब्राउझरमधल्या साठ्यात, 'पाहिली' अशी नोंद करा आणि दाखवण्याआधी ती तपासा. नोंदीच्या नावात वर्ष घाला, म्हणजे पुढच्या मृगात पाटी पुन्हा येईल. ही तपासणी टाळलीत तर तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक वैतागेल, आणि त्याचं काही चुकणार नाही.

पावसाची सूचना पॉपअपच्या लायकीची आहे, मला पटली. पण 'अमुक वाण आलं', 'आजचा भाव' यांच्यासाठी पानाच्या वर एक बारीक पट्टी पुरे. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या पानांना शोधात मागे टाकायला गूगलने जानेवारी २०१७मध्येच सुरुवात केली आहे, म्हणून तुमची पाटीही लहान ठेवा. तपासताना लॅपटॉपवर इनकॉग्निटो (आधीच्या नोंदी न वापरणारी) खिडकी उघडा, आणि दुकानात आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन मागून त्यावरही बघा.