कंपाउंडरला घड्याळ दिसलं कसं?

ताई, मी निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठेत राहतो. बायको शिवणकाम आवरलं की दुपारभर रहस्यकथा, नाहीतर प्रेमाच्या कादंबऱ्या वाचते. मी समीक्षकांनी वाखाणलेलीच पुस्तकं वाचतो. असल्या हलक्या वाचनानं विचारशक्ती बोथट होते, असं माझं ठाम मत आहे. परवा जेवताना मध्येच म्हणाली, "तो कंपाउंडर खोटं बोलतोय. लाइट गेली होती, मग त्याला भिंतीवरचं घड्याळ दिसलं कसं?" मी म्हटलं, आधी जेव. रंकाळ्यावर फिरायला येणारे मित्रही तिच्या वाचनाला हसतात. तिची वाचनालयाची वर्गणी बंद करू का?

सर,

करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून ज्या गावात आहे, त्या गावात राहून वर्गणी बंद करायची भाषा? ते मनातून काढून टाका. मी तुमच्या पत्रात त्या घड्याळापाशीच अडकले.

लाइट गेल्याचं कुठेतरी सुरुवातीला येऊन गेलं असणार, घड्याळाचं बरंच पुढे. मधल्या पानांत लेखकानं भांडणं, पाऊस, मृत्युपत्र असं काय काय घालून वाचकाचं लक्ष उडवलेलं असतं, रहस्यकथा रचतातच तशी. त्यातून तुमच्या बायकोनं दोन टोकं नेमकी जुळवली. कुणी सांगतोय म्हणून खरं धरायचं नाही, त्याला ते कळलं कसं हे आधी विचारायचं. वर्गात उभा जन्म तुम्ही पोरांच्या गळी हेच उतरवत होता ना? तेच घरात तुमच्या ताटाशी चालून आलं, तर तुम्ही म्हणालात "आधी जेव". वाचून राग आला मला.

विचारशक्ती बोथट होते ती अशा उत्तरांनी. चार वेळा असं ऐकलं की माणूस डोक्यात आलेलं बोलायचंच सोडतो.

आणि तुमचं वाचन? पुस्तक चांगलं की वाईट, हे तुमच्याआधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. तिला ती सोय नाही. पुस्तक जमलंय की फसलंय, हे तिचं तिलाच ओळखावं लागतं.

हलक्या कादंबऱ्यांत टुकार पुष्कळ असतात, मान्य. जड पुस्तकांतही असतात. पण आपल्याच राजाराम कॉलेजात ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवायचे आणि लिहायचे काय, तर तरुण पोरापोरींच्या प्रेमाच्या कादंबऱ्या. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला त्या लिहिताना कमीपणा वाटला नाही. मग तुमच्या बायकोनं त्या वाचल्या तर तुम्हाला मित्रांसमोर मान खाली घालावीशी का वाटते?

आता एकच करा, आजच करा. तिनं जिथं खूण घातली आहे तिथपर्यंत ते पुस्तक वाचा. पुढचं पान उलटायचं नाही. रात्री जेवायला बसलात की तुम्ही विषय काढा, "कंपाउंडर खोटं का बोलला असेल गं?" ती बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नका, चुकलं तरी दुरुस्त करू नका. तिचं सांगून झालं की मग तुमचा संशय कुणावर आहे ते सांगा आणि पटलं नाही तर भांडा खुशाल.

तिची वर्गणी आहे तशी चालू राहील. तुमच्या नावावर दुसरी काढा, म्हणजे एका पुस्तकावरून दोघांची ओढाओढ व्हायला नको.