तू ऐकू येणारी, मी बहिरा: लेक परका होतोय का?

न्यू जर्सीतल्या एका मराठी आईचा प्रश्न होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगा सहा वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही. यंदा तो अमेरिकन सांकेतिक भाषेतून शिकवणाऱ्या शाळेत जाऊ लागला. एका संध्याकाळी त्याने स्वतःकडे बोट दाखवून तर्जनी कानाजवळ आणि मग ओठांजवळ टेकवली. नंतर आईकडे बोट करून तीच तर्जनी तोंडासमोर गोल फिरवली. "मी मुका-बहिरा आणि तू नुसती बडबडतेस, असंच म्हणाला ना? शाळा त्याला आमच्यापासून तोडतेय," असं सांगताना तिचे डोळे भरून आले.

तो एवढंच म्हणाला होता: मी बहिरा, तू ऐकू येणारी.

या भाषेत ऐकू येणाऱ्या माणसाची खूण कानाशी नाही, तोंडाशी होते. बहिऱ्यांना आपल्यातला फरक दिसतो तो हलणाऱ्या ओठांतून, म्हणून तर्जनी आडवी धरून ओठांसमोर दोन छोटी वर्तुळं, तोंडातून शब्द बाहेर पडताहेत अशी. ती टोमणा म्हणून केली जात नाही. मात्र तीच खूण कपाळाशी केली, तर 'बहिरा असून ऐकणाऱ्यांसारखा विचार करणारा' असा बोचरा अर्थ होतो. त्यामुळे जागा चुकवू नये. बहिऱ्याच्या खुणेत बोटाचं टोक गालावर टेकतं, एकदा कानाजवळ आणि एकदा ओठांजवळ. कान झाकून मान हलवणं ही खूण नव्हे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट जोडून समोर टेकवल्यासारखं करायचं, मग थोडं बाजूला सरकून पुन्हा तसंच.

खरं तर आईला टोचला होता तो मराठीतला 'मुका'. आजी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर 'मूकबधिर' म्हणत. मुलाचा आवाज, स्वरयंत्र सगळं ठीक आहे आणि त्याच्या हातांना भाषा आहे, मग मूक कशाला? कर्णबधिर म्हणा, किंवा सरळ बहिरा. बहिऱ्यांच्या आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या जागतिक संघटनांनी 1991 मध्येच 'बहिरा' आणि 'कमी ऐकू येणारा' हे दोन शब्द मान्य केले आणि 'श्रवणदोष' या वळणाचे शब्द नाकारले. भारतातल्या दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातही हे दोन वेगळे गट आहेत: दोन्ही कानांत 70 डेसिबल श्रवणऱ्हास असेल तर कर्णबधिर, 60 ते 70 असेल तर कमी ऐकू येणारा.

आजी भारतीय व्हिडिओ पाहून खुणा शिकू लागल्या. माया खरी, पण भाषा वेगळी. अमेरिकन सांकेतिक भाषा अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या 1817 च्या बहिऱ्यांच्या शाळेत फ्रेंच खुणांच्या संगतीने वाढली, तिची बोटलिपी, म्हणजे बोटांनी एकेक अक्षर दाखवणं, एका हाताची. भारतीय बोटलिपी दोन हातांची. नातवाच्या शाळेतल्या खुणाच आजींना पाठवायला मी आईला सांगितलं.

आईला एकच काम दिलं. रोज जेवताना दहा मिनिटं घरात फक्त हात बोलतील. लक्ष वेधायला हाक नाही, खांद्यावर हलकी थाप किंवा दिवा चालू-बंद. पहिलं वाक्य: मी ऐकू येणारी, तू बहिरा, आपण कुटुंब. 'कुटुंब' साठी प्रत्येक हाताचा अंगठा आणि तर्जनी जुळवून एकेक गोल करायचा, बाकीची बोटं उभी. अंगठ्यांच्या बाजूने हात जवळ धरून सुरुवात करायची, मग ते बाहेरून वळवत करंगळ्या एकमेकींना टेकवायच्या.

पहिल्या दिवशी आईच्या करंगळ्या जुळल्याच नाहीत. लेकाने पोळी खाली ठेवली, तिचे हात धरले आणि जुळवून दिले.